लोफोटेन : जूनमधली नॉर्वेची बेटे

नॉर्वेचा विषय निघाला की आपल्याकडे बर्गन, फ्लोमची रेल्वे आणि गायरांगर फ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) ही नावे आधी येतात. ती ठिकाणे सुंदर आहेतच. परंतु ज्याला निसर्ग पाहायचा आहे आणि त्या निसर्गावर माणसे कशी जगतात हेही जाणून घ्यायचे आहे, त्याने उत्तर ध्रुववृत्त ओलांडून लोफोटेन बेटांवर जावे, असे माझे मत झाले आहे. मी आणि माझी मोठी बहीण अशा दोघींनी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हा प्रवास केला. ताई महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली आणि शाकाहारी, तर मी रत्नागिरीच्या वळणाची मासेखाऊ. त्यामुळे रस्त्याकडेची फुले तिच्या वाट्याला आली आणि बंदरे माझ्या. व्हिसा, विमाने, आरक्षणे सारे वेळेत झाले, म्हणून त्याविषयी लिहीत नाही.

सोमवार : ट्रॉन्हाइम ते बुडो

ट्रॉन्हाइमहून सकाळी सुटणारी नॉर्डलँड रेल्वे ७२९ किलोमीटर तोडून संध्याकाळी बुडोला पोहोचते. विमानाने हेच अंतर तासाभराचे आहे; पण उत्तरेकडे जाताना झाडे कशी लहान होत जातात, हे विमानातून कळत नाही. सुरुवातीला शेते आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची दाट जंगले होती. दुपारनंतर स्प्रूस विरळ झाले आणि भूर्जवृक्ष आले, मग तेही वाकडेतिकडे आणि खुजे झाले. साल्टफ्येलच्या पठारावर तर घोट्याएवढ्या झुडपांपलीकडे काही उरले नाही आणि जून असूनही रुळांच्या दोन्ही अंगांना बर्फाचे पट्टे दिसू लागले. ताई खिडकीला नाक लावून बसली होती. "सह्याद्रीत हे पाहायला मिळत नाही गं, तिथे उंची कमी पडते," एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा वहीत काहीतरी टिपू लागली.

ध्रुववृत्त ओलांडण्याआधी गाडीत घोषणा झाली. बाहेर दगड रचून केलेल्या खुणा दिसल्या आणि डब्यातले निम्मे प्रवासी फोन उंचावून उभे राहिले. समोरच्या बाकावर बसलेल्या आजीबाई मात्र विणकामातून मान वर न करता हसल्या. त्या मुलीकडे जायला वर्षातून कितीतरी वेळा याच गाडीने जातात म्हणे.

या गाडीत उत्तरेकडे जाताना डाव्या बाजूची जागा घ्यावी, कारण ट्रॉन्हाइमचा फ्योर्ड आणि शेवटच्या टप्प्यातला समुद्र त्याच बाजूला येतो. खाण्याचे सोबत ठेवावे. आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती ध्रुववृत्तापर्यंत पुरली.

मंगळवार : साल्टस्ट्राउमेन

बुडो शहर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले आणि नंतर नव्याने बांधले गेले, म्हणून जुन्या इमारतींच्या शोधात तिथे कोणी जात नाही. लोक जातात ते शहरापासून तीसेक किलोमीटरवर असलेल्या साल्टस्ट्राउमेनला. सुमारे ३ किलोमीटर लांब आणि जेमतेम दीडशे मीटर रुंद अशी ही सामुद्रधुनी आहे. बाहेर मोकळा समुद्र आणि आत मोठा फ्योर्ड; भरतीचे पाणी एवढ्याशा तोंडातून आत शिरू पाहते, ते पुरेसे लवकर शिरू शकत नाही, दोन्ही बाजूंच्या पातळीत फरक पडतो आणि सुमारे ४० कोटी घनमीटर पाणी सहा तासांत त्या चिंचोळ्या वाटेतून धावत सुटते. ओहोटी लागली की तेच पाणी उलट्या दिशेने परतते. जगातल्या सर्वांत वेगवान भरतीप्रवाहांत याची गणना होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी स्वस्थ होते आणि माझी थोडी निराशा झाली. अर्ध्या तासाने मधोमध एक गुळगुळीत वर्तुळ उमटले, त्याच्या कडा फिरू लागल्या, शेजारी दुसरे उमटले आणि बघता बघता पाच-सहा मीटर व्यासाचे भोवरे एकमेकांना ढकलत पुलाखालून निघाले. काठावरून पाण्याचा आवाज ऐकू येत होता, पण तो लाटांचा नव्हता. नदीला पूर आल्यावर घाटाच्या पायऱ्यांशी जो ऐकू येतो तसा खोल, सलग आवाज होता. खडकावर एक आजोबा आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची नात गळ टाकून उभे होते. प्रवाह वर ढवळून आणत असलेल्या खाद्याच्या मागे सै नावाचा मासा येतो आणि त्याच्या मागे आम्ही येतो, असे आजोबांनी समजावले. नातीने ओढलेला मासा हातभर होता. तिने तो स्वतःच मारला, स्वतःच साफ केला आणि आतडी उडवून गलपक्ष्यांना (सीगल) दिली.

भरतीचे वेळापत्रक बुडोच्या पर्यटक कार्यालयात मिळते आणि ते पाहिल्याशिवाय इथे येण्यात अर्थ नाही. प्रवाह सर्वाधिक जोरात असण्याच्या तासभर आधी पोहोचावे, म्हणजे शांत पाणी पेटताना पाहता येते. काठाला कठडा नाही आणि खडक शेवाळलेले आहेत, तेव्हा मुलांचा हात सोडू नये.

बुधवार : समुद्रातली भिंत

बुडो ते मोस्केनेस ही फेरी सव्वातीन-साडेतीन तासांची आहे. वेस्टफ्योर्ड हा नावाला फ्योर्ड, प्रत्यक्षात मोकळा समुद्रच, बोट हलते. ज्यांना त्रास होतो त्यांनी गोळी आधीच घ्यावी आणि बोटीच्या मध्यभागी बसावे. उपाहारगृहात हृदयाच्या आकाराची वॉफल आणि तिच्यावर तपकिरी चीज मिळते. चीज करून उरलेली निवळी तिच्यातली साखर खरपूस होईपर्यंत आटवून ते करतात, म्हणून ते गोड लागते. नॉर्वेत शाकाहारी माणसाला आधार देणाऱ्या मोजक्या पदार्थांपैकी हा एक आहे आणि ताईने त्याला पुढे अनेकदा दाद दिली.

दीड-दोन तासांनी क्षितिजावर दातेरी निळी रेघ दिसू लागते. बेटे वेगवेगळी असली तरी दुरून डोंगरांची एकच सलग भिंत समुद्रातून उभी राहिल्यासारखी दिसते आणि नॉर्वेजियन लोकही तिला लोफोटेनची भिंतच म्हणतात. जवळ गेल्यावर त्या भिंतीच्या पायथ्याशी लाल ठिपके दिसू लागले. ती घरे होती.

आमचा मुक्काम ओ नावाच्या गावाजवळ एका रोरबूत होता. हिवाळी मासेमारीसाठी दुरून वल्हवत येणाऱ्या कोळ्यांना राहायला खांबांवर, अर्धी पाण्यावर बांधलेली लाकडी खोपटी म्हणजे रोरबू. इसवी सन ११२० च्या सुमारास राजा ओय्स्टेन याने काबेलवोग परिसरात अशी पहिली घरे बांधवली, असे सांगतात. आज त्यांत गरम पाणी, चूल आणि वाय-फाय असते. भाडेही कोळ्याला परवडण्यासारखे राहिलेले नाही. आमच्या रोरबूचे मालक सत्तरीचे, निवृत्त मच्छीमार होते. किल्ली देताना त्यांनी हवामानाचा अंदाज सांगितला, डोंगराकडे पाहून तो स्वतःच बदलला आणि "उद्या कुठेही जाऊ नका," असे बजावून निघून गेले.

गुरुवार : पाऊस, पक्षी आणि मासे

मालकांचे खरे ठरले. तापमान आठ अंशांवर होते आणि पाऊस आडवा येत होता. छत्रीचा इथे उपयोग शून्य. डोक्यावर टोपी असलेले चांगले रेनकोट आणि वर पावसाळी विजार हवी. अशा दिवशी डोंगराचा हट्ट सोडून ओ गावात रमावे, आणि आम्ही तेच केले.

युरोपीय महामार्ग ई-१० इथे संपतो. त्यापुढे डोंगर, मग समुद्र, आणि त्या समुद्रात मोस्कस्ट्राउमेन हा दर्यावर्दी लोकांनी शतकानुशतके धास्ती घेतलेला भोवऱ्यांचा प्रदेश. जवळजवळ सारे गावच मासेमारीचे संग्रहालय आहे. १८४४ सालच्या बेकरीत आजही दालचिनीचे बन भाजले जातात. त्यांचा वास पाऊस असूनही रस्त्यावर येत होता. मात्र गावाचा कायमचा आवाज क्रिक्ये या लहान गलपक्ष्यांचा आहे. हे पक्षी एरवी समुद्रकड्यांवर घरटी करतात, पण इथे त्यांनी खिडक्यांच्या वरच्या पट्ट्या आणि गोदामांच्या भिंती बळकावल्या आहेत. एका घराच्या दर्शनी भिंतीवर ओळीने घरटी होती आणि खाली लाल रंगावर पांढरे ओघळ. नॉर्वेत या पक्ष्यांची संख्या इतकी घटली आहे की त्यांचा समावेश धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत झाला आहे. म्हणून लोक रोज भिंत धुतात, पण घरटे पाडत नाहीत.

आणि मग मासे. दर हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला लोफोटेनला येतो, आणि फेब्रुवारी ते एप्रिल हा इथला सुगीचा काळ. डोकी कापून, दोन-दोन मासे शेपटीशी दोरीने बांधून ते लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावत नाहीत. त्या काळात तापमान शून्याच्या आसपास घुटमळते. फार थंडी पडली तर मांस गोठून भुसभुशीत होईल, ऊब वाढली तर ते नासेल आणि माश्या बसतील. आपल्या किनाऱ्यावर बोंबील काही दिवसांच्या कडक उन्हात वाळतो, इथे तेच काम समुद्रावरचा गार वारा तीन महिने करतो. आम्ही गेलो तेव्हा मांडव उतरवण्याचे काम सुरू होते.

एका गोदामात प्रतवारी करणारा गृहस्थ कामात होता. त्याने मासा उचलला, पोटाची पोकळी उघडून नाकाशी नेली, पाठीवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरून मानेचा कट पाहिला आणि मागे न बघता उजवीकडच्या ढिगावर फेकला. या सगळ्याला चार-पाच सेकंद लागले असतील. वीसेक प्रती आहेत, असे तो म्हणाला. उत्तम माल इटलीला जातो आणि वाळलेली डोकी नायजेरियाला, तिथे त्यांचा रस्सा करतात. माझ्या हाती दिलेला मासा हातापेक्षा लांब होता आणि जवळजवळ वजनच नसल्यासारखा. ओल्या माशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकेच वजन उरते. टेबलावर आपटला तर लाकडाचा आवाज येतो. इथली शाळकरी मुले हंगामात कॉडच्या जिभा कापून विकतात आणि चांगला पैसा मिळवतात, हेही त्याच्याकडूनच कळले. वासाचे मी काय सांगावे? ताई बाहेर पावसात उभी राहिली, यातच सारे आले.

शुक्रवार : रायनेब्रिंगेन

लोफोटेनचे जे छायाचित्र सर्वत्र दिसते, म्हणजे खाली निळे पाणी, लाल घरे आणि त्यांना वेढणारे सुळके, ते रायनेब्रिंगेनवरून काढलेले असते. उंची ४४८ मीटर आहे, पण चढ समुद्रसपाटीपासून सुरू होतो आणि कुठेही विसावा देत नाही. पूर्वीची चिखलाची वाट चालणाऱ्यांच्या गर्दीने उखडून दगड घसरू लागले होते, म्हणून नेपाळहून शेर्पा कारागीर आणून तिथे दगडी पायऱ्या बसवल्या गेल्या. त्या जवळपास दोन हजार आहेत. गड चढण्याची सवय असणाऱ्याला हा चढ अवघड नाही, मात्र उतरताना गुडघे बोलू लागतात, काठी न्यावी.

सकाळभर ढग खाली होते. रात्री आठनंतर आभाळ फाटले आणि आम्ही निघालो. उत्तरेतल्या जूनचा खरा फायदा हाच आहे की उशीर ही गोष्टच राहत नाही. दिवसा रांग लावून चढणारी गर्दी रात्री जेवायला गेलेली असते. ताई निम्म्या वाटेवर एका कपारीशी बसली, कारण तिथे तिला जांभळ्या फुलांची गादी सापडली होती. मी वर पोहोचले तेव्हा साडेदहा वाजले होते आणि समोरच्या सुळक्यांवर तांबूस ऊन होते. माथा म्हणजे एक अरुंद धार आहे. पलीकडची बाजू थेट कोसळते. तिथे उडी मारतानाचे फोटो काढणारे एक जोडपे होते आणि त्यांच्याकडे पाहणे मला सहन होईना.

माझे स्पष्ट मत सांगते. रायने अतिशय देखणे आहे, पण वाहने लावायला जागा नसलेले, पाहुण्यांनी दमलेले गाव आहे. तिथे दुपारी जाऊ नये, आणि वाटेच्या पायथ्याशी रस्त्याकडेला गाडी मुळीच लावू नये.

शनिवार : पांढरी वाळू आणि रात्रीचा एक

भाड्याची गाडी घेऊन उत्तरेला निघालो. अरुंद रस्त्यांवर 'एम' अक्षराच्या निळ्या पाट्या असतात. तिथे थांबून समोरच्याला वाट द्यायची असते, गाडी उभी करून फोटो काढायचे नसतात. मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या आढळतात आणि त्यांना घाई नसते. ताईच्या सांगण्यावरून आम्ही वाटेत पाणथळीशी थांबलो. तिथे पिवळ्याधमक पाणफुलांचे ताटवे होते, शेवाळात भूर्जवृक्षाच्या बुटक्या भाईबंदांच्या इवल्या पानांचे जाळे होते आणि त्यांच्यामध्ये मुल्ते या बेरीची एकेकटी पांढरी फुले. प्रत्येक देठावर एकच फूल आणि पुढे एकच फळ. ऑगस्टमध्ये ती केशरी फळे पिकतात आणि चांगली जागा कोणती, हे लोक शेजाऱ्यालाही सांगत नाहीत, असे मालकांनी आम्हाला सांगितले होते.

हाउकलानचा किनारा शंखशिंपल्यांच्या चुऱ्याने पांढरा झाला आहे आणि त्यामुळे पाणी हिरवेनिळे दिसते. फोटोत ते उष्ण कटिबंधातले वाटते. पाय घालताच शंका फिटते. इथून डोंगराला वळसा घालून जुन्या रस्त्याने उत्ताक्लाइवला चालत जाता येते. ही वाट जवळजवळ सपाट आहे, लहान मुले आणि ज्येष्ठ दोघांनाही झेपते, आणि एका बाजूला सतत समुद्र राहतो. लोफोटेनमध्ये एकच चाल करायची असेल तर रायनेब्रिंगेनऐवजी मी हीच सुचवेन.

उत्ताक्लाइवला वायव्येकडे समुद्र मोकळा आहे, म्हणून मध्यरात्रीचा सूर्य पाहायला लोक इथे जमतात. लोफोटेनमध्ये मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही. मात्र घड्याळात बारा वाजतात तेव्हा तो सर्वांत खाली नसतो. उन्हाळी वेळेमुळे तो क्षण एकच्या सुमारास येतो. आम्ही जूनच्या सुरुवातीला गेल्यामुळे सूर्य क्षितिजाला जेमतेम न टेकता उजवीकडे सरकत गेला. बारा वाजून पाच मिनिटांनी फोटो काढून बरेच जण गाड्यांत बसले. एक वाजता गवतावर आम्ही, एक जर्मन कुटुंब आणि मेंढ्या एवढेच उरलो होतो, आणि मेंढ्या चरत होत्या.

नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कोणालाही फिरण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क आहे. वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर अंतर राखायचे आणि एका जागी दोन रात्रींहून अधिक राहायचे असल्यास जमीनमालकाला विचारायचे. परंतु लोफोटेनमध्ये गर्दीच्या किनाऱ्यांवर स्थानिक बंदी आहे, तिथे ठरावीक जागीच शुल्क भरून राहता येते, म्हणून पाटी वाचावी. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात रानात आणि रानाजवळ आग पेटवण्यास मनाई असते.

रविवार : बोर्ग आणि हेन्निंग्सवेर

रविवारी मोठी किराणा दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारीच दूध, पाव, बटाटे घेऊन ठेवले होते. शाकाहारी लोकांनी रोरबूच्या चुलीवर स्वतःच शिजवावे. आमचा तांदूळ आणि मेतकूट कामी आले. नळाचे पाणी थेट प्यावे, बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवू नयेत.

बोर्गला शेत नांगरताना व्हायकिंग सरदाराच्या घराचे अवशेष सापडले. उत्खननात ते घर ८३ मीटर लांब निघाले आणि शेजारी त्याची लाकडी प्रतिकृती उभारली आहे. आतला अंधार, धूर आणि डांबराचा वास पटण्यासारखा आहे, पण तासाभराहून अधिक वेळ देण्याची गरज नाही.

हेन्निंग्सवेरला खडकाळ बेटाच्या टोकावर फुटबॉलचे हिरवे मैदान आहे. आकाशातून काढलेल्या चित्रांमुळे ते जगप्रसिद्ध झाले. जमिनीवरून मात्र लक्षात येते की मैदानाला प्रेक्षागृह नाही, चहूबाजूंनी मासे वाळवण्याचे मांडव आहेत. स्थानिक मुलांचा सराव चालू होता. चेंडू मांडवाखाली गेला, गोलरक्षक वाकून आत शिरला आणि चेंडू घेऊन नाक मुरडत बाहेर आला, तेव्हा ताई खळखळून हसली.

सोमवार : स्वोल्वेर आणि ट्रोलफ्योर्ड

वाऱ्यामुळे ट्रोलफ्योर्डला जाणारी सकाळची बोट रद्द होऊन दुपारी निघाली. ही वेळ सत्कारणी लागली, कारण स्वोल्वेरच्या डोक्यावर दोन शिंगांचा सुळका आहे आणि आम्हाला तो निवांत न्याहाळता आला. त्यावर १९१० मध्ये पहिली चढाई करणाऱ्या तिघांपैकी कार्ल रुबेन्सन याने त्याआधी १९०७ मध्ये आपल्या सिक्कीममधल्या काब्रू शिखरावर प्रयत्न केला होता. आजही धाडसी गिर्यारोहक एका शिंगावरून दुसऱ्यावर उडी मारतात. आमच्या नशिबाने त्या दिवशी कोणी मारली नाही.

ट्रोलफ्योर्डचे तोंड सुमारे शंभर मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंचे उभे कडे सरळ पाण्यात उतरतात. १८९० मध्ये कॉडचा प्रचंड थवा आत शिरला, तेव्हा वाफेच्या बोटींच्या मालकांनी तोंड अडवून तो आपलासा केला, आणि उघड्या होड्यांतल्या कोळ्यांनी त्यांच्यावर हल्ला चढवला. गुन्नार बर्ग याने या संघर्षाचे भव्य चित्र रंगवले, ते स्वोल्वेरच्या कलादालनात आहे. बोटीत बसण्याआधी ते पाहिले तर त्या अरुंद पाण्याकडे पाहण्याची नजरच बदलते.

परतताना समुद्रगरुड आले. पंखांचा विस्तार सव्वादोन-अडीच मीटरपर्यंत भरतो आणि १९६८ पासून त्यांना नॉर्वेत संरक्षण आहे. बोटीवरल्या मुलाने मासा फेकला, गरुड झेपावला, कॅमेरे कडाडले. पक्षी इतक्या जवळून दिसला याचा आनंद झाला, पण प्रवाशांसाठी रानटी पक्ष्याला खाद्याची सवय लावणे मला रुचले नाही. खाद्य न टाकणाऱ्या बोटीही असतात, विचारून तिकीट काढावे. बोट वळल्यावर कड्याच्या वरच्या भूर्जवृक्षावर एक गरुड नुसताच बसलेला दिसला, तो ताईने सर्वांना दाखवला.

खर्चाविषयी थोडे. उपाहारगृहातल्या साध्या माशाच्या सुपाचा आकडा पाहून धक्का बसतो, म्हणून दिवसातून एकदाच बाहेर जेवावे. रोख पैसे लागत नाहीत. झोपण्यासाठी डोळ्यांवरची पट्टी न विसरता न्यावी. हवामान खात्याचे 'यर' हे ॲप रोज पाहावे आणि कार्यक्रमात एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा, कारण डोंगर कोणत्या दिवशी दिसेल हे आरक्षणावर ठरत नाही. दिवस कमी असतील तर स्वोल्वेर वगळावे. बुडोहून मोस्केनेसला यावे, ओ आणि उत्ताक्लाइव पाहावे आणि लेकनेसहून विमानाने परत फिरावे.